सायकलवरून शहर डोक्यात उतरते

भोर तालुक्यातल्या भोंगवलीत किंवा आसपासच्या कुठल्याही गावात पत्ता विचारला, तर रस्त्याचे नाव कोणी सांगत नाही. फाट्यावरून आत या, ओढ्यावरचा पूल ओलांडा, पुढे वडाचे झाड लागेल, तिथून उजवीकडे वळा आणि देवळाच्या मागे कुणालाही विचारा, असा पत्ता मिळतो. त्यात अंतर किलोमीटरमध्ये नसते, दिशाही नेमक्या नसतात; तरी माणूस पोहोचतो. अशा वाटांवर सायकल शिकलेले एखादे पोर पुढे शिक्षणासाठी परदेशी जाते. दोन बॅगा आणि एक फोन घेऊन ते उत्रेख्त किंवा ग्रोनिंगेनसारख्या सायकलींच्या शहरात उतरते. तेव्हा घरच्यांना पहिली काळजी असते ती एकच : अनोळखी गावात एकटे हरवणार तर नाही ना?

मेंदूचा आणि रस्ता शोधण्याचा अभ्यास करणाऱ्यांची गेल्या काही वर्षांतली निरीक्षणे पाहिली, तर ही काळजी बरीचशी चुकीच्या जागी आहे. काळजी करण्यासारख्या गोष्टी आहेत, पण त्या वेगळ्याच आहेत.

'सी हिरो क्वेस्ट' नावाचा एक मोबाइल गेम 2016 मध्ये आला. खेळणाऱ्याने आधी नकाशा पाहायचा, मग तो मिटवून पाण्यातून होडी हाकत ठरलेल्या खुणांपर्यंत पोहोचायचे. हा खेळ स्मृतिभ्रंशाच्या संशोधनासाठी तयार केला होता. अल्झायमर आजारात दिशा चुकणे हे फार लवकर दिसणारे लक्षण असते, आणि निरोगी माणसे किती चुकतात हे कळल्याशिवाय आजारी माणसाचे चुकणे मोजता येत नाही. जगभरातून लाखो लोक हा खेळ खेळले. त्यातल्या 38 देशांतल्या जवळपास 4 लाख लोकांची माहिती तपासून 2022 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शहराबाहेर वाढलेली माणसे रस्ता शोधण्यात सरासरीने शहरात वाढलेल्यांपेक्षा सरस ठरली. शिक्षण, वय, स्त्री-पुरुष हे सगळे फरक हिशेबात धरूनही ही तफावत उरली.

कारणाचा धागा त्यांना रस्त्यांच्या आखणीत सापडला. अमेरिकेतल्या अनेक शहरांसारखे रस्ते बुद्धिबळाच्या पटासारखे सरळ आणि काटकोनात असतील, तर तिथे वाढणाऱ्या मुलाला फारसे लक्षात ठेवावे लागत नाही. दोन चौक सरळ, मग डावीकडे, एवढे पुरते. वाकड्या, मध्येच फुटणाऱ्या आणि कुठेतरी गुपचूप मिळणाऱ्या वाटांवर मात्र डोके सतत वापरावे लागते. त्यामुळे पटासारखी आखीव शहरे असलेल्या देशांत गाव आणि शहर यांतली ही दरी अधिक मोठी दिसली. अर्थात ही सरासरी आहे आणि पडद्यावरच्या खेळाची आहे. गावचा प्रत्येक मुलगा वाटाड्या असतो असे त्यातून सिद्ध होत नाही. पण बांधावरून, ओढ्याकाठून आणि पांदीतून फिरण्यात गेलेले बालपण वाया गेलेले नसते, एवढे तर नक्कीच दिसते.

याच खेळाच्या माहितीवरून 2018 मध्ये आलेला दुसरा निष्कर्ष आपल्याकडे अधिक बोलला जायला हवा होता. रस्ता शोधण्यात पुरुष सरासरीने स्त्रियांच्या पुढे होते, पण ही आघाडी सगळ्या देशांत सारखी नव्हती. ज्या देशांत स्त्री-पुरुष समानता अधिक, तिथे फरक लहान. जिथे विषमता अधिक, तिथे तो मोठा. म्हणजे 'मुलींना रस्ते कळत नाहीत' हे घरोघरी ऐकू येणारे वाक्य फक्त मुलींच्या मेंदूबद्दल काही सांगत नाही. त्यांना किती फिरू दिले गेले, हेही त्यात दडलेले असते. दादाने सायकल काढून तिन्ही गावे पालथी घालायची आणि ताईने शाळा सुटली की सरळ घरी यायचे, असे वर्षानुवर्षे चालले, तर दोघांच्या डोक्यातले नकाशे वेगळे असणारच.

पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीचे उदाहरण इथे आठवते. इंग्लंडमधल्या बोर्नमथ विद्यापीठात शिकत असताना 2018 च्या जुलैत तिने ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून सायकलवर जगाची फेरी सुरू केली. न्यूझीलंड, कॅनडा, आइसलँड, युरोपातले देश आणि रशिया असे 14 देश पार करून डिसेंबरात ती कोलकात्याला पोहोचली. 159 दिवस, सुमारे 29,000 किलोमीटर आणि वय वर्षे 20. बराचसा प्रवास एकटीचा होता. कॅनडात अस्वल मागे लागले, स्पेनमध्ये चाकूच्या धाकाने लुटले गेले, रशियात बर्फात रात्री काढाव्या लागल्या. हे सगळ्यांनी करावे असे नाही, आणि एका शहरात कॉलेज ते खोली अशी सायकल चालवणाऱ्याला त्याची गरजही नाही. पण या यादीत एक गोष्ट लक्ष वेधते. धोके आले ते जनावराकडून, माणसाकडून आणि हवामानाकडून. रस्ता सापडत नाही, हा त्यातला मोठा प्रश्न नव्हता.

मग अनोळखी शहर डोक्यात उतरते तरी कसे? कानशिलांच्या आत, मेंदूच्या दोन्ही बाजूंना समुद्रघोड्याच्या आकाराचा एक भाग असतो. त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात. जॉन ओकीफ यांना 1971 मध्ये उंदरांच्या मेंदूतल्या या भागात अशा पेशी आढळल्या, ज्या उंदीर एका ठरावीक जागी आला की चेतवतात. दुसऱ्या जागी गेला की दुसऱ्या पेशी. या झाल्या 'स्थान-पेशी'. पुढे 2005 मध्ये नॉर्वेच्या मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांनी शेजारच्याच भागात आलेखाच्या कागदावरच्या चौकटींसारखे काम करणाऱ्या पेशी शोधल्या. त्या जणू अंतर आणि दिशा मोजतात. या तिघांना 2014 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

माणसाच्या बाबतीतला सर्वांत बोलका पुरावा लंडनच्या टॅक्सीचालकांनी दिला. तिथल्या काळ्या टॅक्सीचा परवाना हवा असेल तर चॅरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आतले सुमारे 25,000 रस्ते तोंडपाठ करावे लागतात. त्यासाठी तीन-चार वर्षे जातात, आणि अनेक उमेदवार हे रस्ते लहान दुचाकीवरून फिरून शिकतात. एलिनॉर मॅग्वायर यांनी 2000 मध्ये दाखवले की या चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. मुळात असा मेंदू असलेलेच या धंद्यात येतात की काय, ही शंका रास्त होती. म्हणून त्यांच्या गटाने नव्या उमेदवारांचे मेंदू शिक्षणाआधी आणि नंतर असे दोनदा तपासले. 79 उमेदवारांपैकी 39 उत्तीर्ण झाले आणि वाढ फक्त त्यांच्यातच दिसली. प्रौढ वयातही रस्ते शिकण्याने मेंदूची घडण बदलते, हे 2011 च्या या अभ्यासाने जवळजवळ पक्के केले.

पण मेंदूला हे काम करू द्यावे लागते. लंडनच्याच संशोधकांनी 2017 मध्ये 24 जणांना सोहो भागातल्या गल्ल्यांतून फिरवले. आधी प्रत्यक्ष, मग मेंदूचे चित्रण करणाऱ्या यंत्रात झोपवून, पडद्यावर. स्वतः वाट ठरवत असताना नव्या गल्लीत शिरले की हिप्पोकॅम्पस जोमाने कामाला लागत होता. गल्ल्या जितक्या अधिक फुटत, तितके काम अधिक. 'आता डावीकडे वळा' अशा सूचना मिळू लागल्या की ती हालचालच थांबली. सूचना ऐकणारा पोहोचतो, पण त्याच्या डोक्यात शहर येत नाही. बसच्या खिडकीत बसून वर्षभर त्याच मार्गाने जाणाऱ्याला मधले थांबे माहीत असतात, पण त्या थांब्यांच्या मागे काय आहे ते माहीत नसते, हा अनुभव अनेकांचा आहे.

सायकलीचा फायदा इथे साध्या भूमितीतही दिसतो. ताशी 5 किलोमीटरने चालणारा अर्ध्या तासात अडीच किलोमीटर जातो. ताशी 15 किलोमीटरने सायकल चालवणारा साडेसात किलोमीटर जातो. अंतर तिप्पट झाले, तरी त्या अंतरात येणारे क्षेत्रफळ नऊपट होते : चालणाऱ्याच्या आवाक्यात सुमारे 20 चौरस किलोमीटर, तर सायकलवाल्याच्या आवाक्यात सुमारे 177. त्याच वेळी वेग इतका कमी असतो की बेकरीचा वास येतो, कालव्यावरचा चढ पायांना कळतो आणि चुकलो असे वाटले तर जागच्या जागी पाय टेकता येतो. गाडीत यातले काही नाही. डोळ्यांबरोबर पाय आणि कानातला तोल सांभाळणारा अवयवही मेंदूला अंतर व वळण यांची खबर देत राहतो, आणि डोक्यातला नकाशा याच खबरांवर उभा राहतो.

तेव्हा पहिल्या सुट्टीच्या दिवशी बाहेर पडताना नकाशा घरी नीट पाहावा आणि फोन खिशात ठेवावा. नेदरलँड्समध्ये तसेही 1 जुलै 2019 पासून सायकल चालवताना फोन हातात धरणे हा गुन्हा आहे. दोन-तीन उंच किंवा ठळक खुणा निवडाव्यात. उत्रेख्तमध्ये 112 मीटर उंचीचा डोम मनोरा आहे. गावाकडच्या देवळाच्या कळसाचे काम तो उत्तम करतो. जाताना एका वाटेने जावे, येताना दुसऱ्या. शहराबाहेर पडायचे असेल तर तिथली आणखी एक सोय कामाची आहे. सायकल वाटा जिथे मिळतात त्या ठिकाणांना आकडे दिलेले असतात आणि प्रत्येक ठिकाणी पुढच्या आकड्याकडे जाणारा बाण असतो. बेल्जियमच्या लिम्बर्ग प्रांतात 1995 मध्ये सुरू झालेली ही पद्धत शेजारच्या देशात सर्वदूर पसरली. आकडे चिठ्ठीवर लिहून घ्यायचे, हँडलला अडकवायचे आणि निघायचे. फोनची बॅटरी संपली तरी बिघडत नाही.

आता खऱ्या काळजीच्या गोष्टी. त्यातली पहिली विमानातून उतरताच सुरू होते. सकाळी सहाला उठलेला विद्यार्थी संध्याकाळी गावाहून मुंबईला निघतो, मध्यरात्रीनंतरचे विमान पकडतो आणि युरोपात सकाळी उतरतो. मधल्या डुलक्या सोडल्या तर तो चोवीस तासांहून अधिक जागा असतो. सलग 17 तास जागरण झाले की हातापायांचा आणि नजरेचा मेळ रक्तात 0.05 टक्के मद्य असल्याइतका बिघडतो, असे 1997 च्या एका गाजलेल्या प्रयोगात दिसले. भारतात वाहनचालकांसाठी कायद्याची मर्यादा 0.03 टक्के आहे. म्हणजे थेंबही न घेतलेला हा मुलगा आपल्याकडच्या कायद्याच्या मापाने 'पिऊन' उतरतो आणि उत्साहाच्या भरात त्याच दिवशी सायकल भाड्याने घ्यायला जातो. तो दिवस चालण्याचा असावा.

त्यानंतरचे दोन-चार दिवस शरीराचे घड्याळ भारतातच असते. उन्हाळ्यात भारत आणि नेदरलँड्समध्ये साडेतीन तासांचा फरक असतो. तिथे रात्री आठला लख्ख उजेड असला तरी शरीराच्या लेखी साडेअकरा वाजलेले असतात. पहाटे तीन-चारला मात्र टक्क जाग येते. पश्चिमेला जाताना घड्याळ जुळायला पूर्वेच्या मानाने सोपे जाते, कारण माणसाचे आतले घड्याळ मुळातच 24 तासांहून किंचित लांब चालते. संध्याकाळचा उजेड अंगावर घेतला तर ते लवकर जुळते, पण तो बाकावर बसून घ्यावा. सायकलीसाठी सकाळ बरी.

दुसरी गोष्ट रस्त्याच्या बाजूची. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, जपान इथे आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक असते. युरोपच्या मुख्य भूमीवर, अमेरिकेत आणि कॅनडात उजवीकडून. 'लक्षात राहील' असे म्हणून भागत नाही, कारण रस्ता ओलांडताना मान कुठे वळवायची हे आपण ठरवत नसतो. ते सवयीने होते. विन्स्टन चर्चिल 13 डिसेंबर 1931 रोजी न्यू यॉर्कमध्ये रस्ता ओलांडताना इंग्लंडच्या सवयीने नको त्या बाजूला पाहत होते आणि मोटारीने त्यांना उडवले. ते रुग्णालयात गेले, वाचले. गर्दीत ही चूक सहसा होत नाही, कारण इतरांच्या मागोमाग जाता येते. ती होते मोकळ्या रस्त्यावर, थांबून पुन्हा निघताना आणि डावे वळण घेतल्यावर. तेव्हा डोक्यातला भोरचा रस्ता गुपचूप परत येतो. एक साधी खूण ठेवावी : आपल्याकडे डावा हात फुटपाथकडे असतो, तिथे उजवा हात फुटपाथकडे हवा. ओलांडताना आधी डावीकडे पाहायचे. चौकातले वर्तुळ घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरायचे.

ब्रेकची गंमत याहून कमी लोकांना माहीत असते. आपल्या सायकलींवर पुढच्या चाकाचा ब्रेक सहसा उजव्या हाताला असतो, तिकडे तो सहसा डाव्या हाताला. आणि कित्येक डच सायकलींना हाताचा मागचा ब्रेकच नसतो. पायडल उलटे मारले की मागचे चाक थांबते. आपल्याकडची मुले थांबल्यावर किंवा उतारावर पायडल सहज उलटे फिरवत टिकटिक आवाज काढतात. ती सवय तिथे जडते अंगाशी. वळणावर किंवा ओल्या रस्त्यावर चाक अचानक जाम होते. मोकळ्या मैदानात अर्धा तास घालवला तर पाय शिकतात. सीट उंच वाटते म्हणून फार खाली घेऊ नये. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला हवा, नाहीतर महिनाभरात गुडघे बोलू लागतात. ट्रामचे रूळ तिरपे ओलांडू नयेत, चाक खाचेत बसते. शक्य तितके काटकोनात जावे. जमिनीवर शार्कच्या दातांसारखे पांढरे त्रिकोण रंगवलेले दिसले आणि त्यांची टोके आपल्याकडे असली, तर थांबून समोरच्याला जाऊ द्यायचे. तसे काहीच नसेल, तर उजवीकडून येणाऱ्याचा मान पहिला.

हे सगळे नियम आणि वाटा तिथे आपोआप उगवलेल्या नाहीत. नेदरलँड्समध्ये 1971 साली रस्त्यावरच्या अपघातांत सुमारे 3,300 माणसे मेली आणि त्यांत 400 हून अधिक लहान मुले होती. 'मुलांच्या हत्या थांबवा' अशा नावाची चळवळ करत पालक रस्त्यावर उतरले. ग्रोनिंगेनने 1977 मध्ये शहराच्या मध्यभागाचे चार भाग केले आणि मोटारीला एका भागातून दुसऱ्या भागात थेट जाता येणार नाही अशी आखणी केली. सायकलीला मात्र सगळीकडे मुभा. सायकलींचे शहर म्हणून मिरवणारे पुणे त्याच दशकांत उलट्या दिशेने गेले.

आरोग्याचा हिशेब काय सांगतो? गाडीऐवजी सायकलने रोजचा प्रवास केला तर काय होते, याचे गणित डच संशोधकांनी 2010 मध्ये मांडले. व्यायामामुळे आयुष्य 3 ते 14 महिने वाढते. प्रदूषित हवा अधिक ओढल्यामुळे 0.8 ते 40 दिवस घटते आणि अपघातांच्या धोक्यामुळे 5 ते 9 दिवस. फायद्याचे पारडे बरेच जड आहे. हे आकडे तिथल्या सुरक्षित वाटांचे आहेत. ते जसेच्या तसे कात्रजच्या चौकाला लावता येणार नाहीत. ब्रिटनमध्ये अडीच लाखांहून अधिक नोकरदारांच्या पाहणीतही कामावर सायकलने जाणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण 41 टक्क्यांनी कमी आढळले. अर्थात मुळात निरोगी असलेले लोकच सायकल निवडतात, असेही थोडेफार असणार.

वरंधा घाटाच्या तालुक्यातून गेलेल्याला तिथली सपाट जमीन पहिल्या दिवशी खेळण्यासारखी वाटेल. दुसऱ्या दिवशी वारा सुटतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे समोरचा वारा घाटाइतकाच दम काढतो. घाट चढला की निदान उतार मिळतो. वाऱ्याचे तसे नसते, परतताना तो अनेकदा दिशा बदललेला असतो. म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडाशी जावे, थकल्यावर परत यायला तो पाठीशी असण्याची शक्यता अधिक.

एकटे निघताना कुठे जातो आणि कधी परतणार हे खोलीतल्या एखाद्याला सांगून जावे, फोनवरून आपले ठिकाण घरच्यांना दिसेल अशी सोय सुरू ठेवावी. हे मुलींनी करावे तसे मुलांनीही. संकटात लावायचा क्रमांक युरोपातही आपल्यासारखाच 112 आहे. अंधार पडण्याआधी पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा लागतो का ते पाहावे, नाहीतर दंड होतो.

आणि उत्रेख्तला गेलेल्याची खरी परीक्षा स्टेशनवर होते. तिथे स्टेशनखाली तीन मजल्यांचे, 12,500 सायकलींचे वाहनतळ आहे, जगातले सर्वांत मोठे म्हणून गाजलेले. तिथल्या बहुतेक सायकली काळ्या असतात. लावताना मजला आणि रांगेचा आकडा पाहून ठेवायचा. संध्याकाळी गाडीतून उतरल्यावर आपली सायकल कुठली, हे फोनवरचा कुठलाही नकाशा सांगत नाही.